पाच नंबरचा डॉक्टर

“ते चेहरे काढा आधी,” आबासाहेब म्हणाले. “आपल्याला बालवाडी चालवायची न्हाई.”

भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर पाच पिवळे गोल चेहरे झळकत होते. पहिला रडका, मग जरा कमी रडका, करत करत शेवटचा दात काढून हसणारा. पुण्याहून आलेल्या निरंजन केळशीकरांनी हे चेहरे आमच्या तालुका दूध संघाला दाखवायला आणले होते. केळशीकर सल्लागार होते. कशाचे सल्लागार, हे त्यांच्या कार्डावर चार ओळींत लिहिलेलं होतं आणि ते वाचूनही कळत नव्हतं.

“साहेब, ग्रामीण उत्तरदात्यांसाठी चित्रं सोपी जातात,” केळशीकर म्हणाले.

“आमच्या बायका म्हशीच्या डोळ्याकडं बघून ताप सांगत्यात. त्यास्नी असली चित्रं दावलीसा तर तुमच्याच तोंडाकडं बघून हसतील.”

संचालक हसले. आबासाहेब बोलले की संचालकांनी हसायचं, हा संघाचा जुना रिवाज. आबासाहेब चेअरमन झाले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आता मी संख्याशास्त्र शिकून त्याच संघात दुधाचे आकडे सांभाळायला बसले होते आणि आबासाहेब त्याच खुर्चीत होते.

प्रश्न डॉक्टरांचा होता. संघाचे जनावरांचे डॉक्टर वर्षाच्या करारावर असत. एकेकाकडे गावांचा एकेक पट्टा. कुणाचा करार पुढे चालू ठेवायचा आणि कुणाला नारळ द्यायचा, हे यंदापासून दूध घालणाऱ्यांनाच विचारून ठरवायचं, असं संचालक मंडळानं ठरवलं होतं. कल्पना झकास होती. मला तर ती ऐकून आनंदच झाला होता. प्रत्येक घरी एक कागद जाणार, आपापल्या डॉक्टरबद्दल घरानं मत द्यायचं. फक्त मत कुठल्या मापानं मोजायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

चेहरे गेले. केळशीकरांनी आकडे आणले.

“एक ते दहा?”

“दहा लई झालं,” आबासाहेब म्हणाले. “सात आन् आठ ह्यात फरक काय, ते मलाबी सांगता यायचं न्हाई.”

“मग एक ते पाच. एक म्हणजे अत्यंत असमाधानी, पाच म्हणजे अत्यंत समाधानी. तीन तटस्थ.”

“तटस्थ म्हंजे?”

“चांगलाही नाही, वाईटही नाही.”

“म्हस मरती न्हाईतर जगती, केळशीकर. तटस्थ म्हस मी अजून बघितली न्हाई.”

पुन्हा हसणं. मी हात वर केला. त्या खोलीत हात वर करणारी मी एकटीच होते; बाकीचे वर करत ते ठराव मंजूर करतानाच.

“आकडे नकोत,” मी म्हणाले. “साधे शब्द ठेवूया. आणि ‘समाधानी आहात का’ असं विचारण्यापेक्षा, बोलावल्यावर डॉक्टर आला का, जनावराला गुण आला का, पुन्हा त्यालाच बोलवाल का, असं विचारूया. शब्दसुद्धा जपून निवडायला हवेत. ‘बरा’ हा शब्द तर नकोच. आपल्याकडं पाहुणा ‘जेवण बरं झालंय’ म्हणतो, तेव्हा आमटीत मीठ विसरलेलं असतं.”

केळशीकर माझ्याकडे बघून हसले. अंगणवाडीतल्या मुलीनं कविता म्हणून दाखवल्यावर हसतात तसं.

“मॅडम, शब्दांची सरासरी काढता येत नाही.”

“सरासरी काढायला सांगितलंय कुणी?”

“सरासरीशिवाय तुलना नाही. तुलनेशिवाय निर्णय नाही.” हे वाक्य त्यांनी आधी कुठे तरी बोलून पाहिलेलं असावं, कारण ते संपल्यावर त्यांनी टाळीसाठी जागा सोडली.

आबासाहेब खुर्चीत माझ्याकडे वळले. “बाई, पाच आकड्यात तुमची अडचण काय हाय?”

“साहेब, आपल्याकडं चांगल्याला एक नंबर म्हणतात. बैल एक नंबर, मिसळ एक नंबर, सून एक नंबर. आणि ह्यांच्या कागदावर खाली छापलंय, ‘योग्य क्रमांकाला गोल करा’. क्रमांक म्हटला की पहिला तो चांगलाच. बायका चांगल्या डॉक्टरला एक देतील आणि आपण त्याला वाईट समजू.”

आबासाहेबांनी बोटातली अंगठी फिरवत माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, “लोक आता शिकल्यात, बाई. पोरं इंग्रजी शाळंत जात्यात. एक ते पाचच राहू दे. पाच म्हंजे चांगला. पक्कं?”

“पक्कं, साहेब,” केळशीकर म्हणाले. “जगभर असंच असतं.”

जग म्हणजे पुणे आणि त्याच्या पलीकडचा विमानतळ. त्यात आमचा तालुका कुठे बसत होता कोण जाणे. बाहेर पडताना मला वाटलं, एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला पडलेली नाही. दोघांपैकी निदान एकाला तरी शहाणं करता येईल. म्हणून मी केळशीकरांचा पिच्छा पुरवला आणि छपाईच्या आधी एका गावात हा कागद तपासून पाहायला त्यांना तयार केलं.

चिंचमळा हे गाव डॉक्टर पारिस मगदूम यांच्या पट्ट्यात होतं. मगदूम म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. मोटरसायकलला मागे औषधांची पेटी बांधलेली. फुलाबाई खोत यांच्या गोठ्यात आम्ही शिरलो, तेव्हा त्या वैरण कापत होत्या. मी त्यांना ओळखत होते. दुधाच्या मापाबद्दल त्या दर महिन्याला संघात भांडायला येत आणि बहुतेक वेळा बरोबर असत.

“बसा की ताई,” त्या म्हणाल्या. “हे कोण पाहुणं?”

“पुण्याचे साहेब आहेत. डॉक्टरबद्दल विचारायचंय.”

“मॅडम, तुम्ही बोलू नका,” केळशीकरांनी मला हळूच बजावलं. “उत्तरावर प्रभाव पडतो.” मग त्यांनी घसा साफ केला आणि कागद वाचला, “आपल्या क्षेत्रातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सेवेबाबत आपली समाधानाची पातळी दर्शवणाऱ्या योग्य क्रमांकाला गोल करा.”

फुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रभाव पडू नये म्हणून म्हशीकडे पाहिलं.

“डॉक्टर कसा हाय, असं इच्यारतायसा व्हय?”

“हो. एक ते पाच.”

“मगदूम डॉक्टर? एक नंबर माणूस!” त्यांनी विळा खाली ठेवला. “व्याल्यावर ह्या गाईची वार पडत नव्हती. पावसात आला बिचारा. कोपरापातूर हात घालून काढली. जाताना म्हणाला, ती संघाची गोळीपेंड बंद करा, त्यात काय तरी बिघाड हाय. बंद केली, तवापासून गाय बघा कशी झालीया.” आणि पेन मुठीत धरून त्यांनी एक या आकड्याभोवती असा गोल काढला की कागद फाटायचा राहिला.

केळशीकर कागदाकडे पाहत राहिले. “तुम्ही एक का दिला?”

“एक नंबर हाय म्हणून.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “पाहिलंत?”

“पाहिलं. उत्तरदात्याला सूचना समजली नाही.” त्यांनी कागदावर तसं लिहिलंसुद्धा. “अशी थोडीफार चूक आम्ही गृहीत धरतोच.”

“ही चूक नाही. ही भाषा आहे.”

“आपण सूचना ठळक अक्षरांत छापू,” ते म्हणाले. हा त्यांच्या मते तोडगा होता.

ठळक अक्षरांत छापली. गावोगावच्या दूध केंद्रांवर कागदांचे गठ्ठे गेले. सकाळच्या धारा काढून बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या, घरी पोरांचे डबे खोळंबलेले, आणि केंद्राचा सचिव ओरडतोय, “तुमच्या डॉक्टरला कितवा नंबर देताय, लवकर सांगा, मागं रांग हाय!” ठळक अक्षरं त्या गठ्ठ्यांतच ठळक राहिली. बायकांनी नंबर सांगितले, सचिवांनी गोल केले.

निकाल आला तेव्हा केळशीकरांनी तो पडद्यावर रंगीत खांबांनी दाखवला. सगळ्यांत बुटका खांब मगदूमांचा. आणि सगळ्यांत उंच, छताला टेकायला निघालेला खांब, डॉक्टर विक्रांत इंगवले यांचा.

इंगवल्यांची ओळख करून द्यायला हवी. जीप रस्त्यावर उभी करायची, खाली उतरायचं नाही, काच खाली करून जनावर कसं आहे ते मालकालाच विचारायचं आणि एक चिठ्ठी लिहून काच वर करायची, ही त्यांची उपचारपद्धती. त्यांच्या पट्ट्यात त्यांना ‘मयताचा डॉक्टर’ म्हणत, कारण ते पोचत तेव्हा बहुधा तेवढाच विधी उरलेला असे. आपण तालुक्यात पहिले आलो हे ऐकून सगळ्यांत जास्त धक्का त्यांनाच बसला. पण माणूस कणखर. एका दिवसात सावरले आणि पेढे वाटत सुटले.

“वार्षिक सभेत इंगवल्यांचा सत्कार,” आबासाहेब म्हणाले. “आन् मगदूमचा करार संपवायचा. लोकांचा कौल हाय. आपण कोण बदलणार?”

“साहेब, हा निकाल उलटा आहे,” मी उभी राहून म्हणाले.

“सभेनंतर बोलू, बाई.”

केळशीकर त्यांचे कागद आवरत होते. मी त्यांना गाठलं. “इंगवल्यांच्या पट्ट्यातली जनावरं सगळ्यांत जास्त मेलीत. माझ्याकडे नोंद आहे. मेलेल्या म्हशींचे मालक इतके खूश कसे?”

“दोन वेगळे निर्देशांक आहेत ते,” केळशीकर म्हणाले. “मृत्यूचं प्रमाण आणि समाधान. त्यांचा संबंध असेलच असं नाही.”

अशा माणसाशी काय भांडणार? दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी इंगवल्यांच्या पट्ट्यात गेले. कागद घेतलाच नाही. पाणवठ्यावर, गोठ्यांत, केंद्राच्या पायरीवर बसून मी बायकांशी बोलले. एका म्हातारीनं तर विचारायच्या आधीच सांगितलं, “पाच नंबर दिला त्या मुडद्याला. सहा असता तर सहा दिला असता. पर त्याच्या खाली जागाच नव्हती.”

तिथून मगदूमांकडे गेले. ते दवाखान्याच्या ओसरीत सुया उकळत होते. मी काहीतरी धीराचं बोलायची तयारी करून गेले होते.

“डॉक्टर, निकाल कळला का?”

“नाही. काय लागला?”

“तुम्हाला जवळजवळ सगळ्यांनी एक दिला.”

मगदूमांनी चिमटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. एवढा मोठा माणूस लाजला. “सगळ्यांनी? एक नंबर?”

 खरं सांगायलाच हवं होतं. “डॉक्टर, संघाच्या हिशेबात एक म्हणजे सगळ्यांत वाईट. तुमचा करार संपवणार आहेत.”

 ते पुन्हा सुया उचलू लागले. “करार तसाही राहणार नव्हता. मी पेंडीबद्दल दोनदा लिहून दिलंय. संघ विकतो त्या गोळीपेंडीला बुरशी आहे, गाई गाभडतायत, दिवस भरायच्या आत गर्भ पडतोय. आबासाहेबांनी बोलावून घेतलं.”

“मग काय म्हणाले?”

“चहा पाजला.” आणि थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, “पण बायकांनी एक नंबर दिला म्हणायचा.”

मला ते पेंडीचं प्रकरण त्या वेळी निराळंच वाटलं. माझ्या डोक्यात फक्त केळशीकर होते. एका मूर्ख माणसाच्या मूर्ख मापामुळे चांगला डॉक्टर जाणार, एवढंच मला दिसत होतं. आणि आबासाहेबांना खरं काय ते नीट समजावून सांगितलं की सगळं सुरळीत होईल, असा माझा ठाम विश्वास होता. शिकलेल्या माणसाला असे विश्वास फार असतात.

परतताना चिंचमळ्याला उतरून फुलाबाईंना सांगितलं. 

“म्हंजे माझ्या हातनं डॉक्टर गेला?”

“नाही हो. तुम्ही बरोबरच नंबर दिला. त्यांनी तो उलटा वाचला.”

“वाचाय येत न्हाई व्हय त्यास्नी?” फुलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. “सभंत बोलते मी.”

पण सभेत त्यांना येता येणार नव्हतं. सभासद त्यांचे यजमान होते. आमच्या संघात गोठा, शेण, वैरण, धारा बायकांच्या नावावर आणि सभासदत्व पुरुषांच्या नावावर. ज्यांनी डॉक्टरला नंबर दिले त्यांतली एकही सभेत बसणार नव्हती. ज्यांनी गोठ्यात वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं ते कडक इस्त्री करून पहिल्या रांगेत बसणार होते. म्हणून फुलाबाईंनी यजमानांना, श्रीपती खोतांना, चार गोष्टी पढवून पाठवलं. श्रीपतराव मांडवात आले, बुंदीच्या पातेल्याशेजारची जागा पकडून बसले आणि शेवटपर्यंत त्यांनी तोंड फक्त बुंदीसाठी उघडलं.

बाजार समितीच्या आवारात मोठा मांडव घातला होता. अहवाल वाचला जात होता आणि प्रत्येक विषयाला मांडवातून एकच आरोळी उठत होती, “मंजूर! मंजूर!” विषय संपायच्या आत मंजुरी. एकदा तर माईकची खरखर झाली, तीही मंजूर झाली.

मग आबासाहेब उठले. पुढच्या रांगेतल्या पोरांनी घोषणा दिली, “आबासाहेब!” मागून उत्तर आलं, “एक नंबर!” पुन्हा “आबासाहेब!” पुन्हा “एक नंबर!” आबासाहेबांनी हात जोडले.

“मंडळी,” ते म्हणाले, “यंदा आपण नवीन पायंडा पाडला. डॉक्टर कोण पायजे ते आपल्या घरातल्या माउल्यांस्नी इच्यारलं. त्यांनी मगदूम डॉक्टरला एक दिला. पाचातला एक. आपल्या मनाला लागलं, पर माउल्यांचा शब्द म्हंजे देवाचा शब्द. मगदूमांचा करार संपवावा, असा ठराव मांडतो.”

“मंजूर!”

“आन् ज्यांना पाचाला पाच मिळालं त्या इंगवले डॉक्टरांचा सत्कार...”

मी व्यासपीठाच्या कडेला, आकडेवारी सांगायला म्हणून बसवलेली होते. समोर माझ्यापुरता एक माईक होता. तो चालू आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. मी तो ओढला.

“आबासाहेब, ठरावाआधी सभासदांना एकच विचारायचंय.”

मांडवातल्या माना माझ्याकडे वळल्या. बाईचा आवाज त्या मांडवात स्वागतगीतापुरताच ऐकायची सवय होती.

“आत्ता तुम्ही आबासाहेबांना कितवा नंबर दिलात?”

पोरांना वाटलं घोषणाच आहे. “एक नंबर!” ती ओरडली.

“म्हणजे आबासाहेब चांगले की वाईट?”

“चांगलं! एक नंबर चांगलं!”

“मग ऐका. केळशीकर साहेबांच्या मापात एक म्हणजे सगळ्यांत वाईट. तुम्ही आत्ता आबासाहेबांना नापास केलंत. आणि तुमच्या घरच्या बायकांनी मगदूम डॉक्टरांना जो एक दिला, तो ह्याच अर्थानं दिला. एक नंबर म्हणून. मी त्यांच्या गोठ्यांत जाऊन विचारून आलेय. इंगवले डॉक्टरांना पाच दिला, कारण सहा नव्हता.”

 मागच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसायला लागला. इंगवले शाल घ्यायला अर्धे उठले होते, ते तसेच अर्धे उभे राहिले. केळशीकर माईक शोधत होते, “यात सूचना ठळक अक्षरांत...” असं काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, झालं. जिंकलो.

आबासाहेब मात्र शांत होते. हसू ओसरू दिलं, आणि मग तेही मनमोकळं हसले.

“बाई शिकलेल्या हायत, हुशार हायत,” ते म्हणाले. “त्यांनी मोलाचा मुद्दा काढला. त्याच्यासाठी आपण समिती नेमू. मंजूर?”

“मंजूर!”

“समितीचा अहवाल येईस्तवर सभेपुढचा ठराव हाय तसा राहील. मंजूर?”

“मंजूर!”

“आन् शाल आणलीच हाय, तर इंगवले डॉक्टरांचा सत्कार उरकून घेऊ.”

“मंजूर!”

जे गळे क्षणापूर्वी हसत होते, त्याच गळ्यांनी मंजूर केलं. त्यांना काय मंजूर होतंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. जेवणाची वेळ झाली होती. इंगवल्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढला. बुंदीच्या रांगेत श्रीपती खोत मला म्हणाले, “बाई, लई भारी बोललासा.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी द्रोण पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, नोकरीवरून काढणार. मी राजीनाम्याचं वाक्य जुळवत गेले. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि चहा मागवला.

“बाई, तुमास्नी काय वाटलं, मला कळलं न्हवतं?”

“काय, साहेब?”

“ह्याच मातीत वाढलो मी. जन्मभर पोरं माझ्या नावानं एक नंबर म्हणून वरडत्यात. मला एक नंबरचा अर्थ कळत न्हाई व्हय?” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुमी त्या दिवशी मीटिंगमदी बोललासा, तवाच ध्यानात आलं, ह्या बाईचा मेंदू चालतोय. आन् त्याच वक्ताला ठरवलं, एक ते पाचच घ्यायचं.”

“का पण, साहेब?” मी विचारलं.

“मगदूम चांगला डॉक्टर हाय,” ते म्हणाले. “माझी म्हस आजारी पडली तर मी त्यालाच बोलावतो. पर त्यो गोठ्यागोठ्यात जाऊन संघाची पेंड घालू नका म्हणून सांगत फिरतोय. माझ्या सहीनं काढला असता, तर बायका किटल्या घिऊन दारात बसल्या असत्या. आता बायकांनीच काढला म्हटल्यावर कुणाच्या दारात बसणार?”

“आणि केळशीकर?”

“त्यो काय, भाड्याची बैलजोडी. मालक हाकंल तिकडं जाती.”

इतके दिवस मी ज्या मूर्खपणाशी भांडत होते, तो मूर्खपणा नव्हताच. मूर्ख फक्त केळशीकर होते, आणि त्यांना मुद्दाम मूर्ख निवडलं होतं. शहाणा माणूस समोर बसून बशीतला चहा फुंकत होता.

“मला हे का सांगताय, साहेब?”

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली आणि पुढे झुकले. “पुढल्या वर्षी संचालक मंडळाची निवडणूक हाय. लोक माझ्याबद्दल मनातनं काय म्हणत्यात, ते मला खरंखुरं कळाय पायजे. तोंडावर सगळीच एक नंबर म्हणत्यात. केळशीकर ह्या कामाचा न्हाई. तुमी जावा गावोगाव. तुमच्या त्या साध्या शब्दांत इच्यारा. बोलावल्यावर आला का, गुण आला का, पुन्हा त्यालाच बोलवाल का. कागदबी नको, गोठ्यात बसून इच्यारा. जे असंल ते मला येऊन सांगा, वाईट असलं तरी. बढती देतो.”

माझं माप त्यांना पटलं होतं. पहिल्याच दिवशी, शब्दन् शब्द, ते तीन प्रश्नसुद्धा लक्षात होते. खोटं माप लोकांसाठी होतं. खरं हवं होतं ते फक्त स्वतःसाठी.

“साहेब, मगदूमांना परत घ्या. मी उद्याच गावोगाव जाते.”

“ते होणार न्हाई.”

“मग तुमचं कामही होणार नाही.”

ते रागावले नाहीत. खरोखर वाईट वाटल्यासारखं त्यांनी मान हलवली. “चहा निवला तुमचा,” म्हणाले. मी तो न पिता उठले. महिन्याभरात माझी बदली खतांच्या गोदामात झाली. तिथे आकडे नव्हते, पोती होती. तिथून मी नोकरी सोडली आणि कोल्हापूरला एका कॉलेजात शिकवायला लागले.

मगदूम गेले नाहीत. बसस्टँडमागे एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला आणि मोटरसायकलवर पेटी बांधून त्याच गावांत फिरत राहिले. फुलाबाई त्यांनाच बोलवत. संघाचा फुकटचा डॉक्टर दारावरून जात असताना. त्या माझ्याशी बोलताना अजूनही “माझ्या हातनं गेला” असंच म्हणत, कितीही समजावलं तरी. समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला नाही. गाई गाभडायच्या थांबल्या नाहीत, तेव्हा संघानं पेंडीच्या पोत्यांचा रंग बदलला, पांढऱ्याचा पिवळा केला. केळशीकरांच्या कंपनीनं आमच्या पाहणीवर एक चकचकीत पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर म्हशीशेजारी हसणारी एक बाई होती, आमच्या तालुक्यातली नसलेली.

आणि निवडणूक? मी फार वाट पाहिली त्या निवडणुकीची. मनात म्हणत होते, बंद खोलीतली मतपेटी आहे, तिथे तरी लोक खरं सांगतील. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजातून संघात फोन लावला. पलीकडे गुलालाचा गोंधळ चालला होता. विरोधातले सगळे अर्ज मागे घेतले गेले होते. आबासाहेबांचं पॅनल बिनविरोध निवडून आलं होतं. कुणाला काही विचारायची वेळच आली नाही.